साताऱ्याचा राजवाडा : सही, सत्ता आणि शाळा

इंग्रजी साहित्यात राजघराण्यांच्या निवासस्थानांना जे स्थान आहे, ते मराठीत वाड्याला आहे. तथापि वाड्याचा इतिहास आपण बहुधा वैभवापाशी सुरू करतो आणि पडझडीपाशी संपवतो. साताऱ्याचा राजवाडा या ठरीव मांडणीत बसत नाही. आमचा सांगली जिल्हा 1960 पर्यंत 'दक्षिण सातारा' म्हणून ओळखला जाई. त्यामुळे कवठे महांकाळला बसून या वास्तूचा विचार करणे आम्हांस परके वाटत नाही.

1819 च्या तहाने कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांस सातारच्या गादीवर बसविले. जुना राजवाडा त्यांनी 1824 मध्ये बांधला. शेजारच्या नव्या राजवाड्याचे काम 1838 मध्ये सुरू झाले. मात्र त्यात राहणे त्यांच्या नशिबी नव्हते. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. दोष मान्य केल्यास गादी राहील, असा प्रस्ताव होता. महाराजांनी नकार दिला. सप्टेंबर 1839 मध्ये त्यांना पदच्युत करून पुढे काशीस पाठविण्यात आले. तेथेच 1847 मध्ये त्यांचे निधन झाले. रंगो बापूजी त्यांची फिर्याद घेऊन 1853 पर्यंत लंडनमध्ये झगडत राहिले. दरम्यान 1848 मध्ये शहाजीराजे निवर्तले आणि दत्तकविधान अमान्य करून डलहौसीने राज्य खालसा केले.

नवा राजवाडा 1844 मध्ये पूर्ण झाला. पुढच्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाने वाइट बेटावरील ऑस्बर्न ही मालमत्ता खरेदी केली. तिच्या पश्चात सातव्या एडवर्डने ते घर राष्ट्राला दिले आणि तेथे नौदलाचे विद्यालय निघाले. साताऱ्यातही नव्या राजवाड्यात न्यायालय आणि जुन्यात सरकारी हायस्कूल आले. फरक इतकाच, की तेथे घर दिले गेले. येथे ते घेतले गेले.

तरीही या वास्तूचे सर्वांत मोठे पर्व राजाविना घडले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी याच हायस्कुलात भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागल्याची आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. म्हणजे राजवाड्याची दारे उघडली, पण वर्गातील अंतर उरलेच.

शाळेला पुढे प्रतापसिंहांचे नाव मिळाले. एकाने सहीऐवजी गादी सोडली, दुसऱ्याने गोणपाटावरून विद्या मिळविली. वास्तूचे वाचन करताना या दोन्ही पानांना सारखाच मान द्यावा, असे आम्हांस वाटते.