खर्जाचे घर

तंबोऱ्याचा भोपळा घुमावा म्हणून मिरजेचे कारागीर जिवापाड खपतात. वाद्यवृंदाच्या रंगमंचावर बास गिटारवाल्याच्या पाठीशी जी काळी, जडशीळ पेटी उभी असते, तिचा धर्म मात्र नेमका उलटा! कंपायचे ते आतल्या स्पीकरने. पेटीने हूं की चूं करायचे नाही.

१९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी आपली बास गिटार आणली. माणसाएवढ्या उंच बासचा खर्ज आता गळ्यात अडकवता येऊ लागला; पण तो ऐकू यायचा कसा? तिच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. त्याची हवेतली लाट आठ मीटरांहून लांब. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. पेटीची पाठ उघडी असेल तर या दोन लाटा वळसा घालून भेटतात आणि एकमेकींना गिळून टाकतात. शिवाय मागे हवेचा आधार नाही. पडदा वाजवीपेक्षा अधिक धावतो आणि फाटतो.

फेंडर यांनी १९५२ साली १५ इंची स्पीकरचा ‘बासमॅन’ काढला. पुढे त्याचेच चार १० इंची स्पीकरांचे, उघड्या पाठीचे रूप निघाले. ते गिटारवाल्यांनीच पळवले! अखेर १९६९ साली अमेरिकेतल्याच अँपेग कंपनीने ३०० वॅटचा ‘एसव्हीटी’ आणला. त्याच्या प्रत्येक पेटीत १० इंची आठ स्पीकर, आणि पेटी चहूबाजूंनी बंद. कोंडलेली हवाच आता पडद्याला स्प्रिंगसारखी आवरू लागली. त्याच वर्षीच्या अमेरिका-दौऱ्यात रोलिंग स्टोन्सनी तो वापरला.

म्हणजे या पेटीची निगा ही मुख्यतः हवेची निगा. एखादा स्क्रू ढिला झाला, कडेची पट्टी सुटली, की खर्ज फरफरू लागतो. अशा वेळी स्पीकरला बोल लावण्याआधी स्क्रू बेताने आवळावेत, फट बुजवावी. आठ ओहमच्या दोन पेट्या नेहमीसारख्या समांतर जोडल्या की चार ओहमचा भार होतो. तो अँप्लिफायरला पेलतो का, हे आधी पाहावे. जोडणीला गिटारची बारीक वायर नव्हे, स्पीकरची जाड वायरच हवी. बहुतेक पडदे कागदाचे. तेव्हा पावसाळ्यात पेटी ओल्या भिंतीला टेकवू नये.

भोपळा आपल्या आवाजाने मोठा झाला. ही पेटी आपल्या मौनाने. खर्जाला दोन्ही घरे सारखीच प्रिय!