विजासनच्या लेणीतली वंदना

आम्हा चामोर्शीकरांना जुनं देऊळ म्हटलं की आधी वैनगंगेकाठचं मार्कंडा आठवतं. पण आज आपण मूल, चंद्रपूर मागे टाकून भद्रावतीला जाऊ. मागच्या महिन्यात मी आजीला घेऊन तिथल्या विजासन टेकडीवरच्या बौद्ध लेणीत गेलो होतो.

अजिंठ्यासारखी रंगीत चित्रं इथं नाहीत. दारातून एक लांब बोळ सरळ टेकडीच्या पोटात जातो. जुन्या मोजणीनुसार ७१ फूट. शेवटी गाभारा, आत बसलेला भव्य बुद्ध. या बोळाला काटकोनात आणखी दोन बोळ, त्यांच्याही टोकाला मूर्ती आहे.

१८७० च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम इथं आले. मार्कंड्याची देवळंही त्यांनी पाहिली होती. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग ज्या कोसल देशात आला, त्याची राजधानी म्हणजे हेच भांदक, म्हणजे आजची भद्रावती, असं त्यांचं मत. बाकीचे अभ्यासक दुसरी ठिकाणं सांगतात. ह्युएन त्संग मात्र लिहून गेलाय की कोसलात शंभरेक विहार आणि दहा हजारांच्या आसपास भिक्खू होते.

पुढे ते भिक्खू गेले, विहार ओस पडले. कनिंगहॅम आले तेव्हा ही लेणी म्हणजे मोजमाप घ्यायची जुनी वास्तू होती.

मग आलं १९५६. १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ तारखेला, बाबासाहेब चंद्रपूरला आले. तेव्हाचं चांदा. तिथंही हजारो लोकांनी धम्म स्वीकारला. आजी तेव्हा आठ वर्षांची, वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेली.

लेणीत मी मोबाईलचा टॉर्च लावून भिंत बघत होतो. आजी म्हणाली, "बंद कर तो लाईट." मग तिनं मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील म्हटलं. त्या बोळात तिचा बारीक आवाज केवढा घुमला! आमच्या मागे उभी असलेली अनोळखी माणसंही हळूच म्हणायला लागली.

इतिहास सलग चालत येतो असं मला वाटायचं. इथं तो मध्येच तुटला होता, आणि आजीच्या पिढीनं तो पुन्हा जोडला.

तुम्ही गेलात तर चपला बाहेर काढा, आवाज कमी ठेवा. आणि भिंतीवर नाव कोरू नका, राजेहो. तिथं अजून वंदना चालते.