पाठीवरचा भोपळा आणि लाटेवरची फळी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परांडा तालुक्यातली आमची सोनारी म्हणजे भैरवनाथाची सोनारी. समुद्र इथून रस्त्याने तीनशे किलोमीटरहून लांब. तेव्हा इथल्या माणसाने सर्फिंगवर, म्हणजे लाटेवर फळी घालून उभं राहण्याच्या खेळावर बोलावं, हे ऐकून कुणी म्हणेल, याला ऊन लागलेलं दिसतंय. पण झालं असं, की पुण्यात नोकरी करणारा माझा नातू गोव्याला गेला, दोन दिवस मोरजीच्या किनाऱ्यावर ही फळी शिकला आणि परत आला तो ती विकत घेण्याचं खूळ डोक्यात घेऊनच. मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही जुनं-पुराणं वाचत असता. सांगा, सहा फुटी घेऊ का नऊ फुटी? सहा फुटी काय देखणी दिसते!"

मी म्हटलं, "बाळा, आधी भोपळ्याचं ऐक."

आमच्या लहानपणी चैत्र-वैशाखात पोरं विहिरीत पोहायला शिकत. शिकवणारा बहुधा मामा किंवा चुलता. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचं, हा अभ्यासक्रम. पण भोपळा निवडण्याचं मात्र एक शास्त्र होतं. तो वेलावरच पुरता वाळलेला हवा, हलवला की आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. मग तो पाण्यात दाबून धरायचा. बुडबुडे आले तर बाद, कारण चीर असलेला भोपळा पाणी पितो आणि घात करतो. पहिल्या दिवशी मोठा भोपळा, हात-पाय जुळले की मध्यम, मग लहान, आणि एके दिवशी मामा न सांगताच दोरी सोडून टाकी.

मला घाई झाली होती. चुलतभावाच्या पाठीला लहान भोपळा होता, म्हणजे तो पुढच्या इयत्तेत. मामा जेवायला गेलेले पाहून मी तो लहान भोपळा बांधला आणि उडी मारली. वर यायला इतका वेळ लागला, की ती हिरवी, गार, मुकी विहीर मला अजून आठवते. भावाने केसाला धरून ओढलं. मामा मारतील असं वाटलं होतं, पण ते एवढंच म्हणाले, "भोपळा अंगाच्या मापानं घ्यायचा नसतो, येतंय किती त्याच्या मापानं घ्यायचा."

आता 'सांगड घालणे' हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. सांगड म्हणजे मुळात पाण्यावर तरण्यासाठी एकमेकांना बांधलेले भोपळे, ओंडके किंवा होड्या. दख्खनच्या नद्यांवर पूल नव्हते तेव्हा अशा सांगडींवरून माणसं पलीकडे जात. भोपळा नसेल तिथे पांगाऱ्याचा वाळलेला ओंडका चाले. पांगारा बांधावर कुंपणाला लावतात, लाल फुलांचा, काटेरी. त्याचं लाकूड इतकं हलकं की जळणालाही कुणी मानानं घेत नाही. पण पाण्यावर तेच मोलाचं.

आणि इथेच गंमत आहे. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर विलिविली नावाचं झाड असतं. वनस्पतिशास्त्रात आपला पांगारा आणि ते विलिविली एकाच प्रजातीत येतात, एरिथ्रिना. सख्खे नव्हेत, पण चुलतभाऊ नक्की. तिथल्या लोकांनी या हलक्या लाकडाचे मासेमारीच्या जाळ्यांचे तरंड केले, होडीला तोल देणारी बाजूची लाकडं केली आणि लाटेवर स्वार होण्याच्या फळ्याही केल्या. एकाच जातकुळीच्या लाकडाकडून दोन समाजांनी एकच काम करून घेतलं. फरक इतकाच, की आम्हाला विहीर मिळाली आणि त्यांना समुद्र.

कॅप्टन कुकच्या जहाजांवरच्या लोकांनी १७७९ साली हवाईत हा खेळ पाहिला आणि चकित होऊन लिहून ठेवला. तिथे फळ्यांचे प्रकार होते. सरदारांची 'ओलो' चौदा-पंधरा फुटांची, जाड आणि जड. सर्वसामान्यांची 'अलाइया' पातळ आणि आखूड. पोरं तर लहान फळीवर पोटावर झोपूनच लाट पकडत, उभं राहण्याची घाई नाही. पुढे युरोपीय रोगांनी माणसं मेली, १८२० पासून मिशनरी आले आणि एकोणिसाव्या शतकात हा खेळ जवळजवळ आटला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पुन्हा वर आला. १९०७ साली प्रसिद्ध अमेरिकन लेखक जॅक लंडन वायकिकीच्या किनाऱ्यावर शिकायला उतरला. पोरांची बघून त्यानेही एक लहानशी फळी घेतली. पोरं सुळकन किनाऱ्याला जात आणि हा गडी जागच्या जागी. तेव्हा अलेक्झांडर ह्यूम फोर्ड नावाचे गृहस्थ आले. त्यांनी ती फळी टाकून द्यायला लावली, हिचं टोक तळाला टेकलं तर पोट फाडील असं बजावलं आणि आपली स्वतःची मोठी फळी दिली. तिच्यावर लंडनला लाट मिळाली. त्याने हे सगळं प्रामाणिकपणे लिहिलं आहे. मला तर त्या फोर्डसाहेबांत आमचे मामाच दिसतात.

पण मोठी म्हणजे जड, हीही अडचण होतीच. ऐंशी-शंभर पौंडांची लाकडी फळी वाळूवरून ओढतानाच शिकाऊ माणूस अर्धा होई. टॉम ब्लेकने १९२० च्या दशकाच्या अखेरीस फळी आतून पोकळ केली. म्हणजे सरळ सांगायचं तर त्याने लाकडाचा भोपळा केला! १९३५ मध्ये त्याने फळीच्या पोटाखाली मागे माशाच्या परासारखा पर लावला, त्यामुळे ती दिशा धरू लागली.

त्यानंतरची गोष्ट मला सर्वांत आवडते. १९४७ साली कॅलिफोर्नियात जो क्विग या कारागिराने डॅरिलिन झॅनक या तरुणीसाठी एक फळी केली. ती नवशिकी होती, म्हणून फळी मुद्दाम हलकी, बाल्सा लाकडाची, सुमारे दहा फुटी आणि एकटीला उचलता येईल अशी. मालिबूच्या किनाऱ्यावरचे पट्टीचे गडी गमतीने ती मागून घेऊ लागले आणि त्यांच्या लक्षात आलं, की ही त्यांच्या फळ्यांपेक्षा कितीतरी चपळ वळते. पुढे जिला 'मालिबू' म्हणून जग ओळखू लागलं, त्या फळीचं मूळ इथे आहे. शिकाऊ मुलीच्या सोयीतून उस्तादांची फळी निघाली. इतिहासात असं क्वचित घडतं आणि घडलं तरी श्रेय उस्तादांनाच जातं.

१९५८ च्या सुमारास लाकडाऐवजी फोम आला आणि फळ्या कारखान्यात निघू लागल्या. मग १९६७-६८ साली ऑस्ट्रेलियात आणि हवाईत अशी लाट उसळली, की नऊ-दहा फुटांच्या फळ्या दोनेक वर्षांत सात फुटांखाली उतरल्या. लाटेच्या भिंतीवर उलटसुलट वळणारे खेळाडू मासिकांच्या मुखपृष्ठावर झळकू लागले. दुकानात त्याच आखूड फळ्या, पोरांना त्याच हव्या. माझ्या मते इथे शिकाऊ माणसावर अन्याय झाला. उस्तादाची फळी घेऊन तो पाण्यात आपटत राहिला आणि दोष स्वतःला देत घरी गेला. त्यातल्या त्यात १९७१ मध्ये टॉम मोरीने पोटावर झोपून लाट घेण्याची मऊ फोमची आखूड पाटी काढली आणि हवाईच्या पोरांची जुनी रीत परत आणली. उभं राहून शिकणाऱ्यांसाठी मऊ आवरणाच्या लांब फळ्या सर्रास झाल्या त्या बऱ्याच नंतर.

नातवाला मी मग हिशेब मांडून दाखवला. माणसाचं अंग पाण्यात जवळजवळ तरंगतंच. जड पडतं ते पाण्याबाहेर काढलेलं डोकं, चार-पाच किलोंचं. म्हणून विहिरीत चार-पाच लिटरचा भोपळा पुरतो. फळीवर मात्र अख्खा माणूस पाण्याच्या वर काढायचा असतो. त्यामुळे तिथे फळीचं घनफळ लिटरमध्ये मोजतात. शिकाऊ माणसाने साधारण आपल्या वजनाच्या किलोइतके, किंवा जास्तच, लिटर धरावेत. उस्तादाचं मात्र वजनाच्या आकड्याच्या चाळीस टक्क्यांत भागतं, कारण त्याला फळीपेक्षा लाटेचा वेग तोलून धरतो. नातू सत्तर किलोंचा. त्याने हट्टाने आणायची ठरवलेली सहा फुटी फळी तीस लिटरच्या आतली होती.

"म्हणजे लहान भोपळा," तो म्हणाला.

"आणि मामा जेवायला गेलेले," मी म्हटलं.

तेव्हा सध्या त्याने आठ-नऊ फुटांची, बावीस इंचांहून रुंद, मऊ आवरणाची फळी भाड्यानेच घ्यायची, असं ठरलं. फुटलेल्या पांढऱ्या फेसात नीट उभं राहता आलं आणि न फुटलेली हिरवी लाट स्वतः पकडता आली, की मग सात-साडेसात फूट. एकदम सहावर उडी नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला समुद्रात उतरायचंच नाही. घोट्याला बांधलेली दोरी फळी हरवू नये म्हणून असते, जीव वाचवायला नव्हे. दोरी तुटली तर पोहूनच यावं लागतं. आणि पोहायचं म्हटलं तर त्याला फक्त सोसायटीच्या तलावातलं, कमरेएवढ्या पाण्यातलं येतं, हे त्याच वेळी बाहेर आलं.

त्या उन्हाळ्यात तो पंधरा दिवस सोनारीला राहिला. भोपळे आता कुणी वाळवत नाही. पाच लिटरचा तेलाचा कॅन बूच घट्ट लावून पाठीला बांधला. बूच लावल्यावर मी तो आधी पाण्यात दाबून धरला आणि बुडबुडे येत नाहीत ना, ते पाहिलं.