दिवाळीची सुट्टी, अंगणातील किल्ला आणि शालेय प्रकल्प : महाराष्ट्रातील कुटुंबजीवनाचा एक ऐतिहासिक शोध

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास आजवर प्रामुख्याने संस्था, कायदे, आयोग आणि थोर शिक्षणतज्ज्ञ यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. शाळा सुटल्यानंतर मूल ज्या घरात परतते त्या घराचा विचार या लेखनात अभावानेच आढळतो. शाळेची सुट्टी हा तर इतिहासाचा विषय होऊ शकतो, असेच मुळी फारसे कोणास वाटत नाही. वस्तुतः सुट्टी म्हणजे शाळा आणि कुटुंब या दोन संस्थांमधील सीमेचा काळ होय. या काळात मुलाच्या वेळेवर अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर पिढीगणिक बदलत गेले आहे.

दिवाळीपासून नाताळापर्यंतच्या सुट्ट्यांमध्ये मराठी घरांतील मुले काय करीत आली, त्यांच्याकडून काय करून घेतले गेले आणि त्या कामाचा भार घरात कोणी उचलला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. अंगणातील मातीचा किल्ला आणि शाळेने नेमून दिलेला प्रकल्प या दोन गोष्टी वरवर पाहता सारख्या दिसतात. दोहोंत मूल हाताने काही घडवते, साहित्य जमवते, इतरांची मदत घेते. परंतु किल्ला मुलाने स्वतः आरंभलेला असतो, तर प्रकल्पाला गुण असतात. या एका फरकामुळे घरातील श्रमाची वाटणी कशी पालटली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

सुट्टीचे वेळापत्रक

पारंपरिक अध्ययनव्यवस्थेत प्रदीर्घ सुट्टी ही कल्पना नव्हती. अमावास्या, पौर्णिमा, सणवार अशा ठरावीक तिथींना अनध्याय पाळला जाई. सत्रे, सत्रपरीक्षा आणि दोन सत्रांमधील मोठी सुट्टी ही रचना ब्रिटिश अमदानीतील शिक्षणखात्याबरोबर रुजली. मात्र या रचनेला येथील सणांशी व हंगामांशी जुळवून घेणे भाग पडले आणि पहिल्या सत्राचा शेवट दिवाळीशी बांधला गेला. हे जुळवून घेणे अद्यापही चालू आहे. राज्यातील शाळांच्या सुट्ट्यांसंबंधीच्या परिपत्रकांत सर्व सुट्ट्या मिळून वर्षाला ७६ दिवसांपेक्षा अधिक होऊ नयेत, अशी मर्यादा घातलेली आढळते. उन्हाळ्याची अथवा दिवाळीची सुट्टी कमी करून गणेशोत्सव किंवा नाताळ या सणांच्या वेळी ती समायोजित करण्याची मुभाही त्यांत दिलेली असते. कोकणातील शाळा गणपतीसाठी दिवाळीतील दिवस सोडतात, तर काही शाळा नाताळासाठी. मुलाची सुट्टी अशा रीतीने प्रदेश, धर्म व शाळेचे माध्यम यांनुसार कापली आणि जोडली जाते.

सुट्टी सर्वांना सारखी कधीच नव्हती. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना लढा द्यावा लागला व ती १८९० मध्ये मिळाली. तत्पूर्वी शाळेत जाणाऱ्या मुलाला सुट्टी असली, तरी गिरणीतील बापाला ती असेलच असे नव्हते. ग्रामीण भागातील स्थिती याहून निराळी होती. दिवाळी हा खरिपाच्या सुगीचा काळ. भातकापणी, बाजरीची मळणी, कापूस वेचणी या कामांच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरी मुलाला ‘सुट्टी’ म्हणजे शेतावर अधिक वेळ, एवढाच तिचा अर्थ होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात नेमक्या याच वास्तवावर बोट ठेवले आहे. दारिद्र्यामुळे कुणब्यांना आपली मुले गुरे राखण्यासाठी व शेतीच्या कामासाठी लागतात आणि म्हणून ती शाळेत येऊ शकत नाहीत, असे सांगून फुल्यांनी शिष्यवृत्त्या व बक्षिसे यांचा आग्रह धरला. मूल शाळेत आणावयाचे तर त्याच्या घरातील श्रमाचा हिशेब केला पाहिजे, हे त्यांना उमगले होते. पुढे बडोदा संस्थानात १९०६ मध्ये, कोल्हापुरात १९१७ मध्ये आणि मुंबई इलाख्यात १९१८ च्या कायद्याने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची पावले पडली. या कायद्यांनी मुलाच्या हजेरीचा विचार केला. घरातील त्याच्या कामाचा हिशेब मात्र मांडायचा राहूनच गेला.

मातीचा किल्ला

दिवाळीत मुलांनी किल्ला करण्याची प्रथा थेट शिवकाळाशी जोडण्याची रीत आहे. तथापि किल्ल्याच्या माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज आणि पायऱ्यापायऱ्यांवर मावळे, हे जे तिचे परिचित रूप आहे, ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडलेल्या शिवस्मरणाशी अधिक सुसंगत वाटते. फुल्यांचा शिवाजी महाराजांवरील पोवाडा १८६९ चा. रायगडावरील सार्वजनिक शिवाजी उत्सव लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये झाला. या काळापासून महाराजांची प्रतिमा पोथी-बखरींतून चित्रांत, चित्रांतून भिंतींवर आणि पुढे मुलांच्या हाती रंगवलेल्या मातीच्या चित्रांच्या रूपाने आली.

किल्ल्याची कृती कोठेही लिहिलेली नसे, तरीही ती सर्वांना ठाऊक असे. दगड, विटांचे तुकडे आणि मोडकी खोकी रचून उंचवटा करावयाचा. त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट अंथरावयाचे, म्हणजे डोंगराच्या सोंडा आपोआप तयार होतात. वरून माती लिंपून बुरूज, तटबंदी, दरवाजा व चोरवाट काढावयाची. अळीव किंवा मोहरी पेरली की लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवळ उगवते. पेरणीचा दिवस चुकला तर किल्ला उघडाबोडका राहतो, हे गणित मुलाला एकदा चुकल्यानंतर आयुष्यभर विसरता येत नसे. करवंटीची विहीर, जुन्या ताटलीचे तळे, गुहेत वाघ. मावळ्यांच्या शेजारी गवळण, पोलीस आणि कधी विमानही उभे असे. दरवाजातून आत जाऊ न शकतील एवढे मोठे महाराज माथ्यावर बसत. इतिहासकाराने या कालविपर्यासाकडे हसून पाहू नये. जे जे मौल्यवान ते ते किल्ल्यावर, असा त्यामागील मुलांचा न्याय होता.

येथे ज्ञान थोरल्याकडून धाकट्याकडे जाई. मोठ्यांचा सहभाग माती आणून देण्यापुरता, चित्रांसाठी चार पैसे देण्यापुरता असे. आई फराळाच्या गडबडीत असल्याने मुले घराबाहेर राहतील हीच तिची सोय. चाळीत किल्ला जिन्याखाली किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात होई, वाड्यात अंगणात. पुढे सदनिकांच्या इमारतींत तो वाहनतळाच्या कडेला गेला. भाऊबीज उलटली की तो वाळे, ढासळे किंवा पाडला जाई. त्याचे मूल्यमापन म्हणजे गल्लीतील इतर मुलांचे मत.

या चित्राला उजळ रंग देण्याचा मोह होतो, परंतु तो आवरला पाहिजे. किल्ला हा बहुतांशी मुलग्यांचा खेळ होता. बहिणी पाणी आणीत, भोवती रांगोळी काढीत आणि हाक आली की करंज्या भरण्यासाठी आत जात. मुलीची दिवाळी स्वयंपाकघरात शिकण्यात जाई व त्या शिकण्याला कोणी खेळही म्हटले नाही आणि शिक्षणही. ज्या घराला अंगण नव्हते, ज्यांच्या वस्तीला गावात जागा नव्हती, त्यांच्या मुलांनाही हा किल्ला पुष्कळदा दुरूनच पाहावा लागला.

प्रकल्पाचा प्रवास

शालेय प्रकल्पाची वंशावळ याहून लांबची आहे. जॉन ड्यूई यांच्या विचारांच्या आधारे विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धती मांडली. मुलाने मनापासून, हेतुपूर्वक व सामाजिक वातावरणात केलेली कृती हा तिचा गाभा होय. थोडक्यात, किल्ल्यात जे सहज घडत होते ते वर्गात घडावे, अशी ही अपेक्षा होती. अध्यापक विद्यालयांत प्रकल्प पद्धतीवर टिपा लिहिणाऱ्या कित्येक पिढ्यांनी स्वतः लहानपणी किल्ला केला होता. या दोहोंतील नाते मात्र क्वचितच ध्यानात घेतले गेले.

महाराष्ट्राच्या भूमीवर ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेतून नयी तालीमची योजना पुढे आली. झाकीर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू मानला गेला आणि शाळांत टकळी आली. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची उभारणी केली. पुढे १९४५ पासून बोर्डी येथे व नंतर कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी जे काम केले, त्यात एक निराळी दिशा दिसते. येथे शाळा मुलांच्या अंगणात गेली. परिसरातील पाने, बिया, शंख-शिंपले हेच शैक्षणिक साधन झाले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातील शाळेचा प्रयोगही झाला. फुल्यांनी १८८२ मध्ये मांडलेल्या अडचणीला दिलेले हे, दुर्दैवाने फारसे न गिरवले गेलेले, उत्तर होते.

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये समाजोपयोगी उत्पादक कार्याची कल्पना मांडली. घरात याचा अर्थ काय झाला? कार्यानुभवाच्या तासाला दाखवावयाचा रुमाल आईने भरलेला असे आणि कागदी फुले मावशीने केलेली. शिक्षकांना ते ठाऊक असे, पालकांना शिक्षकांना ठाऊक असल्याचे ठाऊक असे आणि गुण दिले जात. पुढील दशकांत जे मोठ्या प्रमाणावर घडले त्याची ही लहानशी पूर्वसूचना होती.

दिवाळीचा गृहपाठ तोवर शुद्धलेखन, पाढे व गणिते यांपुरता मर्यादित होता. तो कंटाळवाणा होता, पण मुलाला एकट्याने करता येत असे; सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवसांत तो उरकला जाई. उर्वरित वेळ ‘किशोर’सारख्या मासिकाच्या दिवाळी अंकाचा, मामाच्या गावाचा आणि किल्ल्याचा. दप्तराच्या ओझ्याविषयी आर. के. नारायण राज्यसभेत १९८९ मध्ये बोलले, यशपाल समितीचा अहवाल १९९३ मध्ये आला. घोकंपट्टीवरील या रास्त टीकेतून कृतिशील शिक्षणाचा आग्रह वाढला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आणि बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ यांनी त्याला धोरणात्मक व कायदेशीर अधिष्ठान दिले. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत ‘प्रकल्प’ समाविष्ट झाला.

हेतू निःसंशय चांगला होता. परंतु मोठ्या पटाच्या वर्गात प्रकल्प करून घेण्यास ना वेळ, ना जागा; त्यामुळे तो सुट्टीत ढकलला गेला. सुट्टीत घरी गेलेला प्रकल्प मुलाकडून आईकडे आणि आईकडून बाजाराकडे सरकला. लेखनसाहित्याच्या दुकानांत फळे, पक्षी, राष्ट्रपुरुष, वाहतुकीची साधने यांचे छापील तक्ते मिळू लागले. ते कापून वहीत चिकटवणे म्हणजे प्रकल्प, असे समीकरण रूढ झाले. पुढे संगणक केंद्रांतून छापून आणलेली पाने आली. थर्माकोलच्या प्रतिकृती डिसेंबर-जानेवारीतील विज्ञान प्रदर्शनांपर्यंत टिकवण्याची जबाबदारीही घराचीच. किल्लाही यातून सुटला नाही. प्लॅस्टरचे तयार किल्ले विक्रीस आले, तर दुसरीकडे किल्ल्याची छायाचित्रे काढून माहितीसह वहीत लावणे हा काही शाळांत सुट्टीतील उपक्रम ठरला. जे मुलाचे होते तेही आता तपासले जाऊ लागले.

अदृश्य श्रम

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. कुटुंबीयांच्या विनावेतन देखभालीसाठी हेच प्रमाण अनुक्रमे १३४ व ७६ मिनिटे होते. मुलांना शिकवणे, त्यांचा अभ्यास घेणे हे या देखभालीतच मोडते. प्रकल्पाचे पुठ्ठे रात्री कापणारी स्त्री या आकड्यांत कोठेतरी आहे. ती नोकरी करणारी असल्यास तिची रजा सुट्टीशी जुळत नाही. ती निरक्षर असल्यास तिच्या मुलाची वही कोरी राहते आणि ‘पालकांचे सहकार्य नाही’ असा शेरा येतो. शाळेने गृहीत धरलेले घर हे शिकलेली, वेळ असलेली आई, चार पैसे गाठीला आणि जवळ दुकान, असे एका विशिष्ट वर्गाचे घर आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम राबवला गेला आणि हे गृहीत किती पोकळ आहे हे भ्रमणध्वनी नसलेल्या घरांनी दाखवून दिले.

या गृहीताची सर्वांत कठोर परीक्षा मराठवाड्यात होते. बीड व लगतच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या पट्ट्यात स्थलांतर करतात. सुट्टी लागते तेव्हा घराला कुलूप लागते. या मुलांसाठी प्रथम कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा आणि नंतर गावातच हंगामी वसतिगृहे, अशा व्यवस्था केल्या गेल्या. गावी राहिलेले मूल बहुधा आजी-आजोबांपाशी असते. पाठ्यपुस्तकातील ‘घरातील मोठ्यांना विचारा’ या सूचनेला तेथे उत्तर देणारे कोणी असते. ज्या आजोबांनी पूर्वी स्वतः कोयता चालवला, त्यांच्याजवळ सांगण्यासारखेही पुष्कळ असते. परंतु नेमून दिलेला विषय बहुधा ‘वाहतुकीची साधने’ असतो आणि त्यांतील चित्रांच्या तक्त्यात बैलगाडी असली, तरी उसाची नसते. दिवाळीनंतर जमा करावयाच्या वहीवर पालकांच्या सहीची जागा असते. तेथे आजी अंगठा उमटवते.