मोटारसायकलविषयक नियतकालिकांची विश्वासार्हता : एक साधनचिकित्सा
(विशेष संदर्भ : भिवंडी परिसरातील खरेदीदार)

प्रस्तावना

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि बखरींतील मजकूर समकालीन अस्सल कागदांशी ताडून पाहिल्यावाचून स्वीकारू नये, ही शिस्त महाराष्ट्रातील इतिहासलेखनात रुजवली. लेखक कोण, त्याने घटना स्वतः पाहिली की ऐकली, तो कोणाच्या आश्रयाने लिहीत होता, त्याने काय सांगितले आणि काय गाळले, हे प्रश्न तेव्हापासून इतिहासाच्या अभ्यासकाला परिचयाचे आहेत. मात्र या प्रश्नांचा उपयोग केवळ मोडी कागदपत्रांपुरता मर्यादित नाही. मोटारसायकलविषयक नियतकालिकात छापलेला चाचणीलेख हाही एक साक्षीपुरावाच असतो. त्या साक्षीवर विसंबून सामान्य माणूस आपल्या अनेक महिन्यांच्या मिळकतीचा व्यवहार करतो.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात या व्यवहाराचे महत्त्व अधिक आहे. यंत्रमाग कारखान्यातील कारागीर, काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली, राहनाळ या भागांतील गोदामांचा कर्मचारी किंवा घरोघरी माल पोहोचविणारा तरुण यांच्यासाठी मोटारसायकल ही हौसेची वस्तू नसून उपजीविकेचे साधन आहे. ती बहुधा हप्त्यांवर घेतली जाते. निवड चुकली तर दुरुस्तीचा खर्च, बुडालेली हजेरी आणि न चुकणारा हप्ता असा तिहेरी भार कुटुंबावर पडतो. म्हणून ‘या नियतकालिकांवर कितपत विश्वास ठेवावा?’ हा प्रश्न छंदापुरता राहत नाही. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार ऐतिहासिक क्रमाने व साधनचिकित्सेच्या अंगाने केला आहे.

टंचाईचा कालखंड : निवडीचा अभाव

स्वातंत्र्योत्तर भारतात दुचाकी वाहनांचे उत्पादन परवाना पद्धतीने बांधलेले होते. मद्रास येथे १९५५ पासून एन्फील्ड कंपनीची बुलेट, म्हैसूर येथे १९६० च्या दशकापासून जावा आणि एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत अशी मोजकीच नावे मोटारसायकलींच्या बाजारात होती. महाराष्ट्रात मुंबईची ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लॅम्ब्रेटा स्कूटर काढीत असे, तर पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज ऑटोने प्रथम पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा आणि १९७२ पासून चेतक बाजारात आणली. स्कूटरसाठी नाव नोंदवून ग्राहकाला कित्येक वर्षे प्रतीक्षा करावी लागत असे.

जेथे ग्राहकाला निवड करता येत नाही, तेथे परीक्षणाला प्रयोजन उरत नाही. वाहन चांगले की वाईट यापेक्षा ते मिळते केव्हा, हाच त्या काळातील खरा प्रश्न होता. परिणामी दुचाकींची पद्धतशीर तुलना करणारे लेखन या काळात वाढू शकले नाही. वाहनाविषयीचे ज्ञान गॅरेजमधील मिस्त्री, शेजारी आणि नातलग यांच्याकडून तोंडी मिळत असे. ही मौखिक परंपरा पुढेही टिकून राहिली, याची नोंद येथे घेणे आवश्यक आहे.

१०० सीसीचे युग आणि मायलेजचा दावा

१९८० च्या दशकात जपानी कंपन्यांशी सहकार्यास मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. १९८४ ते १९८६ या अल्प अवधीत इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज केबी १०० या गाड्या एकापाठोपाठ एक बाजारात आल्या. भारतीय ग्राहकापुढे प्रथमच तुलना करण्याजोगे पर्याय उभे राहिले.

या पर्यायांची ओळख ग्राहकाला प्रामुख्याने जाहिरातीतून झाली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाच्या हिरो होंडाच्या इंग्रजी जाहिरातीने एका लिटरमागे ८० किलोमीटर ही कल्पना घरोघरी नेली. सीडी १०० चे इंजिन चार स्ट्रोकचे, तर तिच्या तिन्ही प्रतिस्पर्धी गाड्यांचे दोन स्ट्रोकचे होते. त्यामुळे इंधनबचतीच्या दाव्यास निश्चित तांत्रिक आधार होता. तथापि, जाहिरातीतील आकडा आणि रस्त्यावरील आकडा यांत अंतर राहणे अपरिहार्य होते. प्रमाणित चाचणीत वाहन रोलरवर ठरावीक वेगक्रमाने चालविले जाते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचे प्रमाणपत्र अशा नियंत्रित परिस्थितीतील मापनाचे असते. तो आकडा खोटा नसतो, परंतु त्यात खड्डे, वाहतूककोंडी आणि पाठीमागे बसलेला माणूस यांचा हिशेब नसतो. ही उणीव भरून काढणारा स्वतंत्र साक्षीदार म्हणून नियतकालिक पुढे आले.

नियतकालिकांचा उदय

१९९१ नंतरच्या उदारीकरणाने वाहनांचे प्रकार वाढले, जाहिरातींवरील खर्च वाढला आणि वाहनविषयक नियतकालिकांना आर्थिक पाया लाभला. मुंबईतून १९९८ साली ‘ओव्हरड्राइव्ह’, १९९९ साली ‘ऑटोकार इंडिया’ आणि २००५ साली पुण्याशी निकटचा संबंध असलेले ‘बाइक इंडिया’ ही इंग्रजी मासिके सुरू झाली. याच सुमारास १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड आणि २००१ मध्ये बजाजची पल्सर आली. वेग, ब्रेक, वळणावरील पकड यांविषयी बोलणारा नवा तरुण वाचकवर्ग या गाड्यांभोवती तयार झाला.

या मासिकांनी चाचणीची एक पद्धत रूढ केली, हे त्यांचे कार्य महत्त्वाचे आहे. ठरावीक वेग गाठण्यास लागणारा वेळ, ब्रेक लावल्यावर कापले जाणारे अंतर, शहरातील व महामार्गावरील इंधनवापर यांचे आकडे ती छापू लागली. उत्पादकाच्या दाव्याशेजारी दुसरा आकडा ठेवण्याची सवय मराठी वाचकाला, इंग्रजीतून का होईना, याच मासिकांनी लावली.

आश्रय आणि स्वातंत्र्य

बहिरंग परीक्षणात पहिला प्रश्न आश्रयाचा असतो. या नियतकालिकांचे उत्पन्न अंकाच्या किमतीपेक्षा जाहिरातींवर अधिक अवलंबून असते. जाहिरातदारांत वाहन-उत्पादकच अग्रभागी असतात. चाचणीसाठीची गाडी सामान्यतः उत्पादकाकडूनच तात्पुरती मिळते. नव्या गाडीची पहिली सवारी तर अनेकदा कंपनीने योजलेल्या कार्यक्रमात, तिने निवडलेल्या धावपट्टीवर होते. शिवाय महाराष्ट्रापुरते पाहता आकुर्डी-चाकणचा उत्पादक, पुण्याची प्रमाणन संस्था आणि मुंबई-पुण्याचा संपादक एकाच पट्ट्यात वावरतात. या निकटतेमुळे माहिती लवकर मिळते, पण संकोचही निर्माण होतो.

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात याला एक उद्बोधक पूर्वपीठिका आहे. १९२० साली सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे मूलतः किर्लोस्कर कारखान्याचे मासिक होते. शं. वा. किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ते पुढे सर्वसामान्य वाचकाचे, सामाजिक सुधारणेचा पुरस्कार करणारे मासिक बनले. त्याचा आश्रयदाता त्याच्या नावातच असल्याने वाचकाला मजकूर कोणत्या चष्म्यातून वाचावा हे ठाऊक होते. यावरून असे दिसते की, हितसंबंध असणे हाच दोष मानता येत नाही. वाचकाची दिशाभूल होते ती हितसंबंध झाकल्यामुळे.

हितसंबंध उघड करण्याचे बंधन भारतात सावकाश आले. १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या स्वयंनियामक संस्थेने समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी २०२१ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व शिफारशींसंबंधी नियमावली जारी करून, शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी आर्थिक वा अन्य संबंध असल्यास तो सांगणे आवश्यक केले.

प्रत्यक्ष पाहिलेले, अनुभवलेले आणि न पाहिलेले

अंतरंग परीक्षणासाठी चाचणीलेखातील विधानांचे तीन वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग उपकरणाने मोजलेल्या गोष्टींचा आहे. वजन, ब्रेकचे अंतर, वेगवृद्धीचा काळ हे आकडे चाचणीची पद्धत सांगितलेली असल्यास बऱ्याच अंशी विश्वसनीय ठरतात. दोन स्वतंत्र नियतकालिकांचे आकडे जुळले, तर त्यांचे मोल आणखी वाढते.

दुसरा वर्ग चालकाच्या अनुभवाचा आहे. आसनाची सोय, वळणावरील स्थैर्य, गिअरची सहजता ही मते अनुभवी चालकाची असल्याने उपयुक्त असली, तरी ती त्याच्या शरीराशी, कौशल्याशी आणि रस्त्याशी बांधलेली असतात.

तिसरा वर्ग टिकाऊपणा, सुट्या भागांची उपलब्धता, दुरुस्तीचा खर्च आणि पुनर्विक्रीची किंमत यांचा आहे. काही दिवस वापरलेली, उत्पादकाने निगा राखलेली गाडी या बाबींविषयी काहीच साक्ष देऊ शकत नाही. काही मासिके दीर्घकालीन वापराचे अहवाल छापतात. ते अधिक मोलाचे असले, तरी तेथेही साक्ष एकाच गाडीची असते.

हिरो होंडाच्या १९९४ सालच्या स्प्लेंडरचे उदाहरण येथे बोलके आहे. चाचणीलेखात रंगवून सांगावे असे तिच्यात फार थोडे होते, तरीही ती देशातील सर्वाधिक खपाच्या गाड्यांत गणली गेली. याउलट, यामाहा आरडी ३५० वर आधारित, १९८३ साली आलेली राजदूत ३५० वेगवान असूनही इंधनाच्या खर्चामुळे सामान्य ग्राहकाला पेलली नाही. तिची कीर्ती पुढे शौकिनांत वाढली. शौकिनाचे निकष आणि संसारी ग्राहकाचे निकष वेगळे असतात, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

भिवंडीचा रस्ता आणि साक्षीदाराचे अंतर

भिवंडीच्या खरेदीदाराचा निर्णय मुख्यतः वरील तिसऱ्या वर्गावर अवलंबून असतो. अंजूरफाटा, कल्याण नाका किंवा वंजारपट्टी नाका येथील अवजड वाहनांच्या गर्दीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच दीर्घकाळ चालते. पावसाळ्यात खड्डे व तुंबलेले पाणी, उन्हाळ्यात धूळ आणि बारमाही ओझे यांचा क्लच, साखळी, एअर फिल्टर व शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर होणारा परिणाम धावपट्टीवरील चाचणीत दिसत नाही. ताशी शंभर किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठला जातो, हा आकडा खरा असूनही येथील खरेदीदाराला निरुपयोगी असतो.

यात भाषेचा अडसरही आहे. मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू बोलणाऱ्या या श्रमिक नगरात इंग्रजी मासिकाचा वाचक मर्यादितच राहणार. त्यामुळे टंचाईच्या काळातील मौखिक परंपरा, म्हणजे मिस्त्री व सहकारी यांचा सल्ला, येथे अद्याप निर्णायक ठरते. परंतु तीही चिकित्सेपासून मुक्त नाही. मिस्त्रीपुढे बिघडलेल्या गाड्याच येतात. न बिघडलेल्या त्याच्या अनुभवाबाहेर राहतात. मालकाला आपली निवड योग्यच होती असे वाटणे स्वाभाविक असते. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या वाचक-सर्वेक्षणात मोटारसायकलींचा बिघाड आणि मालकांचे समाधान यांचा क्रम एकसारखा आढळला नाही. अधिक बिघडणाऱ्या गाडीचा मालकही तिच्यावर संतुष्ट असू शकतो.

हे नियतकालिक १९३६ पासून जाहिराती न घेता, चाचणीच्या वस्तू बाजारातून स्वतः विकत घेऊन चालविले जाते. महाराष्ट्रातही ग्राहकचळवळीची परंपरा आहे. मुंबईत १९६६ साली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया, तर १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तथापि, महागडी वाहने विकत घेऊन वर्षानुवर्षे चालवून पाहणे स्वयंसेवी संस्थेच्या आर्थिक आवाक्याबाहेरचे आहे. अनेक मालकांच्या दुरुस्तीनोंदी एकत्र करणे मात्र तुलनेने कमी खर्चाचे आहे.

निष्कर्ष

१) मोटारसायकलविषयक नियतकालिके सरसकट विकली गेलेली आहेत, हा आक्षेप जितका अतिव्याप्त आहे, तितकाच त्यांवरील संपूर्ण विश्वासही भाबडा आहे. मोजलेल्या आकड्यांबाबत ती उपयुक्त व बहुतांशी विश्वसनीय साधने आहेत.

२) त्यांची मोठी मर्यादा पक्षपातापेक्षा अंतराची आहे. चाचणीकार आणि भिवंडीचा खरेदीदार यांचे रस्ते, ओझे, वापराचा काळ आणि पैशाची ऐपत भिन्न आहेत. प्रामाणिक साक्षीदारही जेथे हजर नव्हता तेथील साक्ष देऊ शकत नाही.

३) खरेदीदाराने गाडी कोणी दिली, ती किती किलोमीटर चालविली, कोणत्या रस्त्यावर चालविली आणि कोणता दोष नोंदविला, हे चार प्रश्न प्रत्येक चाचणीलेखाला विचारावेत. ज्या लेखात एकही दोष नाही, त्याचे मौन हाच दखल घेण्याजोगा पुरावा मानावा. त्यानंतर त्या गाडीचा दोन-तीन वर्षे वापर केलेले अनेक स्थानिक मालक आणि एकाहून अधिक मिस्त्री यांच्या सांगण्याशी तो ताडून पाहावा.

४) महाविद्यालयांच्या इतिहास, वाणिज्य व समाजशास्त्र विभागांनी आपल्या परिसरातील दुचाकींच्या दुरुस्तीनोंदींचे सर्वेक्षण विद्यार्थी-प्रकल्प म्हणून हाती घ्यावे. त्याचे निष्कर्ष मराठी व उर्दूत उपलब्ध झाल्यास श्रमिक खरेदीदाराला त्याचा प्रत्यक्ष लाभ होईल.

५) या नियतकालिकांचे जुने अंक बहुधा रद्दीत जातात. उदारीकरणोत्तर महाराष्ट्रातील उद्योग, जाहिरात व उपभोगसंस्कृतीच्या अभ्यासासाठी ती प्राथमिक साधने आहेत. राजवाडे यांनी वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे वाचविली. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी हे अंक जपण्याची जबाबदारी आज स्वीकारली, तर उद्याच्या अभ्यासकाला तुलनेसाठी आवश्यक असलेला पुरावा हाती राहील.