हाताला काम : दुष्काळी मजुरीपासून रोजगार हमीपर्यंत

महागाईच्या किंवा मंदीच्या दिवसांत घरोघरी दोन प्रश्नांची चर्चा होते. काम कोठे मिळेल, हा पहिला. आणि ज्याला ते मिळत नाही त्याचे कसे भागवावयाचे, हा दुसरा. हे प्रश्न आजचे नाहीत. आपल्या वाडवडिलांनीही त्यांना तोंड दिले आहे. मात्र संकटाच्या वेळी मदत मिळाली एवढेच पाहून भागत नाही. ती कोणत्या अटींवर मिळाली, हेही पाहावे लागते. या लेखात त्या अटींचाच इतिहास थोडक्यात सांगावयाचा आहे.

कुडवा आणि गोंदियाचा हा परिसर धानाचा. रोवणीच्या दिवसांत माणूस शोधून सापडत नाही आणि कापणी-मळणी आटोपली की तेच हात रिकामे होतात. मग कोणी धानगिरणीत हमालीला जातो, कोणी वीटभट्टीवर, कोणी नागपूरची गाडी धरतो. उन्हाळ्यात तेंदूपान तोडणीचे काम काही दिवस मिळते आणि बाराही महिने घरातल्या सुपात विड्या वळल्या जातात. पाऊस वेळेवर आला तर ही ओढाताण कशीबशी निभते. तो आला नाही तर रोवणीच होत नाही, आणि पुढचे सारेच गणित चुकते.

इंग्रजी अमलात दुष्काळ पडला की सरकार रस्ते, तलाव, रेल्वेचे भराव अशी कामे काढी. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांना मद्रास आणि मुंबई इलाख्यांची पाहणी करण्यास पाठविले गेले. हे गृहस्थ पूर्वी नागपूरला मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. खर्च वाचविण्यासाठी त्यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे जेमतेम अर्धा शेर. दिवसभर खडी फोडणाऱ्याने एवढ्यावर जगावे, अशी अपेक्षा होती. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला उघड विरोध केला. मुंबई इलाख्यात तर हजारो मजुरांनी ही कामे सोडली. त्यांची बाजू पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी यांनी, अर्ज-निवेदनांतून सरकारपुढे मांडली. उपाशी माणसाने हातचे काम सोडावे ही गोष्ट वरवर पाहता वेडेपणाची वाटेल. पण मजुरीचा दर हा मेहेरबानीचा विषय नव्हे, हे आपल्याकडे प्रथम त्या मजुरांनी दाखवून दिले, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या. धडधाकटांना काम द्यावे आणि अपंग-वृद्धांना फुकट अन्न द्यावे, हे सरकारचे कर्तव्य म्हणून कागदावर आले. कर्तव्य सरकारचे, मजुराला मात्र मागण्याचा हक्क नव्हता.

आपल्या भागातील विडीच्या धंद्याचा संबंधही दुष्काळाशीच आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत फार भयंकर झाला. विक्रम संवत १९५६ मधला म्हणून तेथील लोक त्याला ‘छप्पनियो’ म्हणत. त्या सुमारास बरीच कुटुंबे गुजरात सोडून मध्यप्रांतात आली. विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूर भागात यांपैकी काहींनी तेंदूच्या पानात तंबाखू भरून विड्या करविण्याचा व्यापार सुरू केला. पान जंगलात मुबलक होते, रेल्वे तयार होती, आणि कामाला हात हवे तेवढे होते. हा धंदा गोंदिया-भंडाऱ्याकडे पसरला तो याच तीन कारणांनी. स्वतः दुष्काळाने उठून आलेल्या लोकांनी दुसऱ्या हजारोंना काम दिले, ही गोष्ट खरी आहे. विशेषतः घराबाहेर मजुरीला न जाणाऱ्या स्त्रियांना, विधवांना आणि म्हाताऱ्यांना विडीने चार पैसे मिळवून दिले. परंतु अटी कोणाच्या होत्या? कारखानदार आणि कामगार यांच्यामध्ये सट्टेदार असे. पान-तंबाखू तोच देई, हजाराच्या हिशेबाने विड्या तोच मोजून घेई, आणि ‘छाट’ म्हणून किती विड्या बाजूला काढावयाच्या, हेही बहुधा तोच ठरवी. छाटीतल्या विडीची मजुरी मिळत नसे.

या धंद्यासंबंधीचा एक खटला विद्यार्थ्यांनी आवर्जून माहीत करून घ्यावा. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारने १९४८ साली एक कायदा केला. शेतीच्या हंगामात मजूर कमी पडू नयेत म्हणून ठरावीक गावांत विड्या वळण्यास बंदी करण्याचा अधिकार त्याने डेप्युटी कमिशनरला दिला. १९५० च्या जूनमध्ये सागर जिल्ह्यात तशी बंदी जाहीर झाली. त्या वेळी गोंदियाही सागरप्रमाणेच मध्यप्रदेश राज्यात होते, हे लक्षात ठेवावे. एका विडी कारखान्याचा मालक आणि त्याच धंद्यातील एक कामगार, असे दोघे थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना अंमलात येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. ‘चिंतामणराव विरुद्ध मध्यप्रदेश राज्य’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्याचा निकाल ८ नोव्हेंबर १९५० रोजी लागला आणि बंदी रद्द ठरली. न्यायालयाचे म्हणणे साधे होते. गावात दुबळी, अपंग माणसे असतात, वृद्ध स्त्रिया असतात. शेतीचे काम त्यांच्याने होणार नाही. विडीही बंद केली तर त्यांनी पोट कशावर भरावे? त्या काळी शेतमजुरांच्या टंचाईची ओरड मोठी होती, पण न्यायमूर्तींची नजर सुपापुढे बसलेल्या म्हातारीपर्यंत पोहोचली.

काम करण्याचे स्वातंत्र्य मिळाले, तरी कामाच्या शर्ती मिळण्यास आणखी वर्षे गेली. १९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. तो लागू होऊ लागताच काही मालकांनी कारखाने मिटवून काम घरोघर वाटण्यास सुरुवात केली. केरळात कण्णूरकडे असेच कारखाने बंद पडले, तेव्हा बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ साली ‘केरळ दिनेश बीडी’ ही स्वतःची सहकारी संस्था उभारली आणि ती वाढवूनही दाखविली. आपल्याकडे त्या प्रमाणात असे काही झाले नाही, याची खंत वाटते. १९७६ च्या कल्याण निधी कायद्याने मात्र विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्तीची वाट मोकळी केली. त्यासाठी कामगाराचे ओळखपत्र लागे, आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या कितीतरी मातांपाशी ते नसे.

आता १९७२ कडे येऊ. लागोपाठच्या अपुऱ्या पावसानंतर त्या वर्षी महाराष्ट्रात जो दुष्काळ पडला, त्याचा मुख्य तडाखा मराठवाडा, नगर, सोलापूर, सांगली या भागांना बसला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारने खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी कामे गावोगाव काढली. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. खेड्यांतील जुनी माणसे अजूनही लाल मिलो आणि सुकडीची आठवण काढतात. जमीनदार आणि त्याचा सालदार एकाच हजेरीपटावर आले, हे त्या दुष्काळाने घडविले. आणि मुख्य म्हणजे, एवढ्या भयंकर टंचाईतही १८७७ सारखा मृत्यूंचा खच पडला नाही.

पण दुष्काळ संपला की कामे बंद, हा जुनाच शिरस्ता. तो मोडण्याचा विचार आधीच करून ठेवणारे गृहस्थ म्हणजे वि. स. पागे. स्वातंत्र्यसैनिक, गांधीविचारांचे, आणि १९६० ते १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती. ज्याला अंगमेहनतीचे काम हवे आहे त्याला ते राज्याने दिलेच पाहिजे, या कल्पनेचा पहिला प्रयोग त्यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झाला. १९७२ साली ही योजना राज्यासाठी जाहीर झाली, दुष्काळी कामांच्या रगाड्यात ती मागे पडली, आणि १९७४ पासून पुन्हा मार्गी लागली. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला.

त्यातील तरतुदी टेंपलसाहेबांच्या मजुरीशेजारी ठेवून वाचाव्यात. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यावयाचे. न दिल्यास बेकारी भत्ता. तो दिवसाला किमान एक रुपया, म्हणजे नाममात्रच, पण सरकारने मजुराला चुकल्याचा दंड द्यावा ही कल्पना लहान नव्हती. कंत्राटदार नाही. स्त्री-पुरुषांना कामाच्या मापाप्रमाणे सारखाच दर. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लहान मुलांना सांभाळण्याची सोय. या कामांवर स्त्रियांची संख्या निम्म्याच्या आसपास राहिली, यात नवल नाही.

पैसा कोठून आला, हे तर आपल्या पगारदार पालकांना ठाऊक असावयास हवे. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसविला तो मुख्यतः या योजनेसाठी. त्यातून जमणाऱ्या रकमेइतकी भर राज्याने स्वतःची घालावयाची होती. शिक्षक, कारकून, दुकानदार यांच्याकडून हा कर घेतला जाई. १९८८ च्या घटनादुरुस्तीपर्यंत त्याची मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. पगारपत्रकावरील ती कपात पाहून कुरकुर न करणारा माणूस विरळा. तरीही शहरातल्या पगारातून खेड्यातल्या मजुरीला दिलेला तो हिस्सा होता.

योजनेत दोषही पुष्कळ निघाले. हजेरीपटावर खोटी नावे आली, मापे कमी धरली गेली, मजुरी महिना-महिना रखडली. १९८८ मध्ये मजुरीचे दर जवळजवळ दुप्पट झाले, तेव्हा कामांची संख्या वाढण्याऐवजी आखडली. मागणाऱ्या प्रत्येकाला काम, हे वचन तेथे ढिले पडले. शिवाय मागणी करावयाची ती लेखी. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज कोण लिहिणार? ज्या गावात एखाद्या शिकलेल्या मुलाने वा मुलीने शेजाऱ्यांचे अर्ज भरून दिले, हजेरीपट वाचून दाखविला, तेथे कायदा चालला. जेथे तसे कोणी नव्हते तेथे तो मुकादमाच्या खिशात राहिला.

महाराष्ट्राचा हा अनुभव पुढे देशाच्या कामी आला. २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. त्याने दर कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो प्रथम देशातील २०० जिल्ह्यांत लागू झाला, आणि त्या पहिल्याच यादीत आपला गोंदिया आणि शेजारचा भंडारा, हे दोन्ही होते. क्रम तोच ठेवला होता : मागणी करावयाची, तारखेसह पोच घ्यावयाची, आणि १५ दिवस मोजावयाचे. बेकारी भत्त्याची रक्कम आता एक रुपया नव्हती. पहिले ३० दिवस ती मजुरीच्या किमान चौथाई, आणि त्यापुढे किमान निम्मी होती. मात्र तोंडी सांगून, पोच न घेता घरी परतलेल्या मजुरापाशी १५ दिवसांनी दाखविण्यासारखे काहीच उरत नसे.