वडसा रेल्वे स्थानक
गडचिरोली जिल्ह्यातील एकमेव रेल्वे स्थानक. देसाईगंज शहरात, वैनगंगेच्या पूर्वेस, गोंदिया–नागभीड–बल्लारशा मार्गावर. नगरपरिषद आणि तालुका देसाईगंज नावाचे असले, तरी स्थानकाची पाटी ‘वडसा’ अशीच आहे आणि लोकांच्या बोलण्यातही तेच नाव आहे. स्थानक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येते.

बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने गोंदियाहून नागभीडकडे 762 मिमी. रुंदीचा लहान रूळमार्ग घातला. तो 1908 साली सुरू झाला. पुढे तो नागभीडहून चांदा फोर्टपर्यंत वाढवण्यात आला. वडसा सोडून गाडी वैनगंगा ओलांडते आणि ब्रह्मपुरीला पोहोचते. त्या काळी नदीचे दोन्ही काठ चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातच होते. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ब्रह्मपुरी व नागभीड चंद्रपूरकडे राहिले आणि जंगलांनी व्यापलेल्या एवढ्या मोठ्या नव्या जिल्ह्याच्या वाट्याला एकटे वडसा आले.

बाजारपेठ म्हणून शहराची भरभराट झाली ती या स्थानकामुळे. आसपासच्या तालुक्यांतील धान, तांदूळ आणि वनोपज इथे येऊ लागले; व्यापारी, अडते आणि राईस मिली यांनी गाव वाढले. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्रही हेच. धानाची कापणी आटोपली, दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाचे दिवस आले, की गावोगावची मंडळे तारखा ठरवायला वडशात येतात. नाट्यकंपन्यांची कार्यालये इथल्या रस्त्यांवर ओळीने लागलेली असतात. दारावर नव्या नाटकांचे रंगीत फलक, आत बुकिंगची वही. इथून ठरलेले प्रयोग खेड्यांत रात्रभर रंगतात. चार जिल्ह्यांच्या या लोककलेला एक पेठ मिळाली, हे या गावाचे मोठे सांस्कृतिक देणे आहे.

1990च्या दशकात मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. त्यामुळे छत्तीसगड आणि दक्षिण भारत नागपूरला वळसा न घालता जोडले गेले आणि लांब पल्ल्याच्या गाड्या व मालगाड्या इथून जाऊ लागल्या. पुढे मार्गाचे विद्युतीकरणही झाले.

जिल्ह्याला मात्र एवढ्याने पुरत नाही. दक्षिण टोकाचे सिरोंचा खुद्द गडचिरोली शहरापासूनच सुमारे 200 किमी. दूर आहे, तिथल्या रहिवाशाला वडसा जवळचे म्हणता येत नाही. आरमोरीमार्गे गडचिरोलीपर्यंतचा सुमारे 52 किमी.चा नवा मार्ग म्हणूनच महत्त्वाचा आहे. केंद्र व राज्य शासन त्याचा खर्च उचलत आहेत. दाट जंगलातून जाताना वन्यजीवांसाठी वाट राखणे ही त्याची आवश्यक अट आहे. हा मार्ग पूर्ण झाल्यावर वडसा जंक्शन होईल आणि जिल्ह्याच्या मुख्यालयी पहिल्यांदाच रेल्वे पोहोचेल. नागपूरला उपचारासाठी जाणारे रुग्ण आणि शिक्षणासाठी बाहेर पडणारी मुले यांना त्याचा सर्वांत आधी उपयोग होईल.